बॅग कुणी उचलायची?



नगरच्या माणसानं रेडिओवर बोलायचं म्हणजे विषय दुष्काळाचा, उसाचा, नाहीतर साखर कारखान्याच्या निवडणुकीचा, अशी एक समजूत आहे. मी आज गोल्फवर बोलणार आहे. म्हणजे गोल्फ खेळायला एखाद्या मोठ्या, चॅम्पियनशिप दर्जाच्या म्हणतात तशा मैदानावर जायचं झालं, तर काय काय तयारी करावी लागते, यावर. हसू नका. दुष्काळाचा विषयही ओघानं येणारच आहे, कारण नगरच्या माणसाची त्यातून सुटका नाही. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण माझ्या पिढीच्या जिभेवर नगरच बसलेलं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी भिंगारचा. भिंगारला लागूनच लष्कराची छावणी. रणगाड्यांच्या दलाचं केंद्र आणि शाळा आमच्या इथे, त्यामुळे साहेब लोकांचा राबता कायमचा. आणि जिथे साहेब तिथे गोल्फ. 1972 साली मी अकरा-बारा वर्षांचा होतो. घरची मोठी माणसं खडी फोडायला जात, दुपारी सुकडी मिळे. आम्ही काही पोरं मात्र छावणीच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहायचो. साहेबाची बॅग उचलली तर आठ आणे मिळायचे. या कामाला कॅडी म्हणतात, हे फार नंतर कळलं. आमच्यात दोन दर्जे होते. बॅग उचलणारा तो कॅडी, आणि पुढे पळत जाऊन चेंडू कुठे पडतो त्यावर नजर ठेवणारा तो ‘आगेवाला’. मी आगेवाला. माझा मित्र कॅडी. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि खांद्यानं मजबूत. त्याचं नाव मी सांगणार नाही, त्याला ते आवडायचं नाही. पण आजची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

तेव्हाचं मैदान आजच्या टीव्हीतल्यासारखं हिरवंगार नव्हतं बरं का. ज्या गोल जागेत झेंडा आणि भोक असतं, तिला ग्रीन म्हणतात. आमच्याकडे पाणीच नव्हतं, तर ग्रीन कुठून येणार? देशातल्या अनेक कोरड्या छावण्यांत तेव्हा ‘ब्राऊन’ असत, तसेच आमचेही. बारीक वाळूत तेल मिसळून ती थापायची आणि साहेबांचा खेळ झाला की गोणपाट ओढून पुन्हा सारखी करायची. घरी गेल्यावर पायांना तेलाचा वास यायचा आणि आई बाहेरच पाय धुवायला सांगायची, तेही अर्ध्या तांब्यात.

साहेब गेल्यावर संध्याकाळी आम्ही खेळायचो. पेरूच्या वाकड्या फांदीची काठी आणि झुडपात सापडलेला, कातडं फाटलेला चेंडू. मित्राचा हात असा की बघत राहावं. 1991 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवरचा एक जुना कॅडी, अली शेर, इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकला. त्याआधी 1965 साली बिल्लू सेठी जिंकले होते, पण ते हौशी खेळाडू. व्यावसायिक भारतीयांत अली शेर पहिला. ते कात्रण माझ्या मित्राच्या पाकिटात कितीतरी वर्षं होतं. तोवर तो एमआयडीसीत फिटर झाला होता, संसार झाला होता, आणि गोल्फच्या काठीला त्यानं वीस वर्षं हात लावला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलानं मला गाठलं. म्हणाला, ‘‘काका, बाबांना एकदा खऱ्या मैदानावर खेळवायचं आहे. अठराच्या अठरा होल. तुम्ही सगळं ठरवा.’’ मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, फॉर्म भरण्यात आयुष्य गेलेलं. हो म्हणालो.

पहिला प्रश्न, जायचं कुठे? आपल्याकडे गोल्फची मैदानं तीन जातींची. लष्कराची पहिली, तिथे आपल्याला वाव नाही. दुसरी जुन्या क्लबांची. पुण्यात येरवड्याला आहे, मुंबईत चेंबूरला 1927 पासूनचं बॉम्बे प्रेसिडेन्सी आहे. तिथे सभासद लागतो, किंवा सभासदाचा पाहुणा व्हावं लागतं. तिसरी जात रिसॉर्टची. पुण्याच्या पश्चिमेला लवळ्याच्या डोंगरात ऑक्सफर्ड आहे, तशी. इथे पैसे भरून बाहेरच्या माणसाला खेळता येतं. या तिन्हींत न बसणारं एक म्हणजे सिडकोनं खारघरला पांडवकड्याच्या बाजूला केलेलं मैदान. सुरुवातीला ते अकरा होलचं होतं आणि ते सर्वांसाठी आहे. नाशिकला गोल्फ क्लब मैदान आहे, असं माझी बायको म्हणाली. आहे खरं, पण साहेब गेले आणि त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आता रणजीचे सामने होतात. गोल्फ फक्त रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरता उरला आहे.

आम्ही पुण्याकडचं एक रिसॉर्ट निवडलं. कोणतं ते सांगत नाही, आकाशवाणीवर जाहिरात करायची नसते.

‘चॅम्पियनशिप’ या शब्दाची मात्र मी चौकशी केली. तो सरकारी शिक्का नव्हे. मैदान पुरेसं लांब असेल, अठरा होल असतील, मोठी स्पर्धा भरवण्याजोगी सोय असेल, तर मालक पाटीवर तसं लिहितो. यातली खरी मेख अशी की प्रत्येक होलला सुरुवातीच्या जागा चार-पाच असतात, निरनिराळ्या रंगांच्या. त्यांना टी म्हणतात. सगळ्यात मागच्या टीवरून खेळलात तर मैदान सात हजार यार्डांच्या आसपास, म्हणजे सहा किलोमीटरांहून जास्त भरतं. पुढच्या टीवरून तेच मैदान किलोमीटरभरानं आखूड होतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मुकाट पुढच्या टीवर उभं राहावं. तरीही चेंडू काही सरळ जात नाही आणि आपणही सरळ चालत नाही, तेव्हा दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटर पायपीट होते आणि साडेचार तास सहज जातात. गुडघ्यांचा विचार आधी करावा. बॅटरीवरची गाडी भाड्यानं मिळते. नऊच होल खेळायची सवलतही असते. मी दोन्ही सुचवलं. मित्र म्हणाला, ‘‘मी काय आजारी आहे का?’’

दुसरा प्रश्न पैशांचा. मैदानावर खेळण्याच्या शुल्काला ग्रीन फी म्हणतात. शनिवार-रविवारी ती जास्त असते, मधल्या वारी कमी. काठ्या भाड्यानं मिळतात, त्याचे वेगळे. कॅडीचे वेगळे. मित्राचं पेन्शन महिन्याला तीन हजारांच्या आत आहे, पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर. एका दिवसाच्या खेळाचा हिशेब त्याच्या वर जात होता. मुलानं मला बजावलं होतं की हा आकडा बाबांना कळू द्यायचा नाही. मी ओळखीतून फुकट जमवलंय, असं मित्राला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नसावा, पण तो गप्प राहिला.

तिसरा प्रश्न हँडिकॅपचा, आणि इथे गाडी अडली. फोनवरच्या मुलीनं विचारलं, ‘‘सरांचं हँडिकॅप सर्टिफिकेट आहे ना?’’ श्रोतेहो, लहानपणी आट्यापाट्या खेळताना घरातल्या शेंबड्या भावंडाला आपण ‘कच्चा लिंबू’ करून घेत होतो. तो बाद झाला तरी बाद नाही. गोल्फमधला हँडिकॅप म्हणजे हाच कच्चा लिंबू, पण कागदावर मोजलेला. चांगला खेळाडू बहात्तर फटक्यांत मैदान संपवत असेल आणि तुम्हाला साधारण नव्वद लागत असतील, तर ढोबळमानानं अठरा फटके तुम्हाला माफ. त्यामुळे नवशिका आणि पट्टीचा खेळाडू एकाच दिवशी एकमेकांविरुद्ध खेळू शकतात. असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. 2020 पासून जगभर यासाठी एकच पद्धत आली आणि त्यात जास्तीत जास्त चौपन्नचा हँडिकॅप मिळू शकतो, स्त्री असो की पुरुष. कल्पना सुंदर आहे. अडचण एवढीच की हा आकडा मिळायला आधी क्लब पाहिजे. पेरूच्या फांदीनं खेळलेल्याची नोंद कुठल्या वहीत असणार?

बरंच बोलणं झाल्यावर एक मार्ग निघाला. सरावाच्या जागी तिथल्या प्रशिक्षकासमोर चार चेंडू मारून दाखवायचे. बरोबरच्यांची वाट न अडवता खेळता येतं अशी त्यांची खात्री झाली की झालं. तुम्ही कधी जाणार असाल तर हे आधीच विचारून ठेवा, दारात गेल्यावर नको.

मग कपडे. कॉलरचा शर्ट हवा. जीन्स चालत नाही. लोखंडी खिळ्यांचे बूट चालत नाहीत. मित्र म्हणाला, ‘‘आपण अनवाणी मैदान तुडवलंय, त्याचं काय?’’ त्याच्या सुनेनं मोची गल्लीतून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले, आणि आठ दिवस तो ते घालून भिंगारमधून दूध आणायला जात होता, चावू नयेत म्हणून.

तारीख ठरली मे महिन्यातली, नातवंडांच्या सुट्टीत. तीही येणार होती. आणि ठरल्यावर चार दिवसांनी मित्र रात्री माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘मी मे महिन्यात येणार नाही.’’ त्याच्या बायकोचं माहेर पाथर्डीकडचं. तिथे टँकर येत होता, आठवड्यातून एकदा. तो म्हणाला, ‘‘मेव्हण्याच्या दारात पिंपांची रांग लावून यायचं आणि इकडे पाण्यानं भिजवलेल्या गवतावर बूट घालून चालायचं, हे माझ्यानं व्हायचं नाही. पाऊस पडू दे, मग बघू.’’

मी वाद घातला. मी म्हटलं, तू नाही गेलास म्हणून ते पाणी पाथर्डीला थोडंच जाणार आहे! आठवतं का, 2016 च्या दुष्काळात आयपीएलचे सामने 30 एप्रिलनंतर महाराष्ट्राबाहेर न्यायला उच्च न्यायालयानं सांगितलं, तेव्हा हाच प्रश्न चार लोकांनी विचारला होता. मैदानावरचं पाणी वाचलं म्हणून लातूरची तहान भागली का? हिशेबानं पाहिलं तर आमच्या जिल्ह्यात पाण्याचा मोठा वाटा उसाकडे जातो, एखाद्या मैदानाची त्यापुढे काय कथा. आणि बाग करणं ही काही आजची चैन नाही. आमच्या भिंगारजवळ निजामशाहीतला फराहबाग आहे. भर कोरड्या माळावर तळं बांधून त्यात महाल उभा केला होता, आणि दुरून खापरी नळांनी पाणी आणलं होतं.

मित्र म्हणाला, ‘‘आणि आता तिथे काय आहे?’’

महाल उभा आहे पडका, तळं कोरडं आहे. मी गप्प बसलो. तारीख नोव्हेंबरवर गेली. वीस वर्षांत हिवरे बाजारनं दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवलं, बोअरच्या पाण्यावर शेती करायची नाही असं ठरवलं. त्या जिल्ह्यातल्या एका माणसानं आपल्या खेळाचा महिना पावसावर ठरवला, तर त्यात मी कशाला आडवा येऊ?

तसा ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आपल्याकडचा चांगला काळ. मुळशीच्या बाजूला पावसाळ्यात खेळ होत नाही असं नाही, पण चेंडू चिखलात रुतून बसतो. नोव्हेंबरात गवत भरलेलं असतं आणि ऊन सोसतं.

सकाळी सातची वेळ मिळाली होती. तिला टी टाइम म्हणतात आणि ती मुहूर्तासारखी पाळावी लागते. अर्धा तास आधी पोचायचं. नगर-पुणे एकशेवीस किलोमीटर, पण वाघोलीची गर्दी आणि पुढे सगळं पुणं ओलांडून चांदणी चौक. आम्ही पहाटे तीनला निघालो. बहुतेक पहिल्यांदाच वाघोली झोपलेली पाहिली.

प्रशिक्षक पंचविशीतला मुलगा. मित्रानं भाड्याची काठी हातात घेतली, तोलून पाहिली आणि पहिला चेंडू हुकवला. चक्क हवेत काठी. दुसरा गवत खरडत गेला. मला घाम फुटला. तिसरा लागला. तो आवाज मी पन्नास वर्षांनी ऐकला, टक् असा कोरडा. चेंडू सरळ वर चढला आणि उतरायचं विसरल्यासारखा लांब गेला. चौथाही तसाच. मुलानं विचारलं, ‘‘काका, कुठे शिकलात?’’ मित्र म्हणाला, ‘‘बघून.’’

खरी अडचण पुढे आली. कॅडी म्हणून जवळच्याच गावातला एक पोरगा आला, अठरा-एकोणीस वर्षांचा. त्यानं बॅगेला हात घातला आणि मित्रानं तो बाजूला केला. ‘‘राहू दे, मी घेतो.’’ पोराला वाटलं, काकांना कॅडीचे पैसे द्यायचे नाहीत. तो म्हणाला, ‘‘पैसे भरलेत तुमचे.’’ मित्र म्हणाला, ‘‘पैशाचं नाही रे. मी कुणाला माझी बॅग उचलू देणार नाही.’’ पोरगा गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मागचे चार खेळाडू खोळंबले. शेवटी पोरगा हळूच म्हणाला, ‘‘काका, मी रिकाम्या हातानं चाललेलो दिसलो तर मला बोलणी बसतील. उद्या बोलावणार नाहीत.’’

मित्रानं बॅग खांद्यावरून उतरवली. पट्टा लांब होता, तो त्यानं पोराच्या खांद्याच्या मापानं आखूड करून दिला. म्हणाला, ‘‘असा घे. कमरेवर टेकव. हाडावर घासत नाही.’’ इतक्या वर्षांत पोराला हे कुणी सांगितलेलं नसावं.

मी मागून चालत होतो. अठरा होलचं वर्णन करून तुम्हाला कंटाळा आणणार नाही. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चौथ्या होलवर मित्र वाकला, गवताचं पातं उपटून त्यानं दाताखाली धरलं आणि जोरात हसला. म्हणाला, ‘‘अरे, ही तर हरळी!’’ मी तिथल्या माळ्याला विचारलं. तो म्हणाला, बर्म्युडा ग्रास. पुढे मी वाचलं, आणि मित्र बरोबर निघाला. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. मैदानांवर लावतात ती बहुतेक तिचा आफ्रिकेतल्या तिच्या एका बहिणीशी संकर करून काढलेली, नाजूक पानांची जात असते. जी शेतातून खणून काढता काढता आमच्या आजोबांची कंबर मोडली, गणपतीला जिच्या एकवीस जुड्या वाहतो, तिला इथे यंत्रानं मिलिमीटर मोजून कापतात. माळ्यानं हेही सांगितलं की पाणी पावसाच्या तळ्यांचं आणि शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं वापरतात. मित्रानं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘मे महिन्यात किती लागतं?’’ माळी म्हणाला, ‘‘रोज लाखांत लिटर, काका.’’ पुढच्या दोन होलांवर मित्र काही बोलला नाही.

त्याची नात आठ वर्षांची, ती मात्र सारखी बोलत होती. तिला मी वाटेत सांगितलं होतं की टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 मध्ये, अदिती अशोक चौथी आली, एका फटक्यानं पदक हुकलं. पुण्याचा उदयन माने त्याच ऑलिंपिकमध्ये होता. आणि अनिर्बन लाहिरी, ज्याचा जन्म पुण्याचा, तो लष्करातल्या डॉक्टर वडिलांचं बघून खेळायला लागला. यावर नात म्हणाली, ‘‘मग त्यांची बॅग कोण उचलायचं?’’ अशा प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नसतं.

अठराव्या होलवर मित्राचा चेंडू ग्रीनवर होता, भोकापासून दहा-बारा फुटांवर. भोक सव्वाचार इंचांचं, जगात कुठेही जा, तेवढंच. मित्र उतार बघत होता. डावीकडून वळेल असं त्याला वाटत होतं. कॅडी पोरगा वाकून म्हणाला, ‘‘सरळ मारा काका. दिसतं तसं नाही ते. इथं सगळे चुकतात.’’ मित्रानं त्याच्याकडे बघितलं, भोकाकडे बघितलं. लहानपणी त्याचा सल्ला किती साहेबांनी ऐकला होता आणि किती जणांनी नाही, ते मी पाहिलेलं आहे. न ऐकता चुकले की शिव्या कॅडीलाच.

त्यानं सरळ मारला. चेंडू गेला आत.

एकशे सात फटके झाले होते. फार नाहीत, पण कमीही नाहीत. कॅडीला मित्रानं स्वतःच्या खिशातून वेगळे पैसे दिले, किती ते मी पाहिलं नाही. येताना शिरूरला चहाला थांबलो, तेव्हा त्यानं बूट काढून बाकाखाली ठेवले आणि म्हणाला, ‘‘तू फुकट जमवलंस म्हणालास ना? पुढच्या वेळी जरा कमी फुकट असेल असं बघ.’’

परवा त्याचा फोन आला होता. खारघरचं मैदान सगळ्यांसाठी आहे म्हणालास, तिथे एसटीनं जाता येईल का, आणि काठ्यांची बॅग एसटीत घेऊ देतात का, हे विचारत होता. मी म्हटलं, स्टँडवर चौकशी करून सांगतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)